वजनाचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यातनं करायचंय? कोल्हापुरातनं सुरुवात कुठनं करायची

वर्षानुवर्षं डाएट करून थकलेल्यांसाठी हे लिहितेय. रात्रीचं जेवण बंद करून बघितलं, सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू झालं, भात सोडला, रंकाळ्याला फेऱ्या मारून चपला झिजवल्या, सात-आठ किलो उतरले आणि लग्नसराई आली की दहा चढले, असं ज्यांचं चाललंय आणि आता सोबत शुगर, बीपी, गुडघे, घोरणं सगळं मागं लागलंय पण प्रायव्हेटमधला आकडा ऐकून घरी गप्प बसलेत, त्यांनी हे सगळं वाचा. मी कोल्हापूरचीच. सीपीआर म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतनं सुरुवात केली आणि पुढं पुण्यात सरकारी दवाखान्यात माझं स्लीव्हचं (पोट कापून लहान करायचं) बॅरिएट्रिक, म्हणजे वजनाचं, ऑपरेशन झालं, आणि त्या सगळ्यातनं मला एक गोष्ट पक्की कळलीय की सरकारी वाटेवर ओळख-वशिल्यापेक्षा तुमची फाइल जास्त काम करते. डॉक्टर दर वेळी वेगळे असतात, आज एक रेसिडेंट, पुढच्या खेपेला दुसरा, तुमची कहाणी लक्षात ठेवणारं तिथं कुणी नसतंय, फाइलच बोलते. म्हणून मी फाइलवर जास्त लिहिलंय आणि बाकीच्यावर कमी.

त्याआधी, हा आपला दोष नाही हे डोक्यात घ्या

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. वजन उतरलं की शरीर उपाशी राहिल्यासारखं वागायला लागतंय, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स कमी होतात, आणि बसल्या जागी जी ऊर्जा खर्च होते तीसुद्धा शरीर कमी करून टाकतं. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी डाएटनं वजन उतरवलेल्या माणसांची हार्मोन्स तपासली, तर एक वर्ष उलटलं तरी ती भूक वाढवणाऱ्या बाजूलाच झुकलेली होती. म्हणजे तुम्ही वर्षभर तोंडावर ताबा ठेवला तरी आतून भूक ढकलतच राहते. ज्यांचं वजन पाच-दहा किलो जास्त आहे त्यांना खाणं-चालणं यातनं फरक पडतोय, पण चाळीस-पन्नास किलो जास्त असलेल्या माणसाला नुसत्या डाएटवर ते उतरवून कायम टिकवणं फार थोड्यांना जमतं. हे माहीत असलं की ओपीडीत मान खाली घालून बसायची गरज राहत नाही. एका दवाखान्यात मला "तोंड बंद ठेवा, सगळं होतंय" असं सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, तुम्हालाही कुणी ऐकवेल, त्या दिवशी घरी निघून जाऊ नका, केसपेपर हातात ठेवून पुढच्या टेबलाला जा.

पायरी १ : आपण बसतो का ते बघा

बीएमआय काढायला वजन किलोत आणि उंची मीटरमध्ये घ्या, उंचीला उंचीनं गुणा आणि त्यानं वजनाला भागा. उदाहरण म्हणून १०५ किलो वजन आणि १५८ सेंटिमीटर उंची धरली तर १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५, आणि १०५ भागिले २.५ म्हणजे ४२. आपल्या भारतीय माणसांचं पोट लवकर सुटतं आणि शुगर कमी वजनातच लागते, त्यामुळं आपल्याकडं २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. ऑपरेशनसाठी मात्र भारतातले सर्जन साधारण असं बघतात की बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी विचार करता येतो, आणि ३० च्या वर असून डायबेटिस, बीपी, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), फॅटी लिव्हर यातले दोन आजार असतील तरीही. २०२२ साली सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणलीय, पण सरकारी दवाखान्यात रांग मोठी आणि साधनं कमी असल्यामुळं जास्त बीएमआय आणि जास्त आजार असलेल्याला आधी घेतात, हे मला योग्यच वाटतं.

वय साधारण १८ ते ६५. थायरॉइड बिघडलेलं असेल तर ते आधी आटोक्यात आणायला लावतात, आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी किंवा दुसऱ्या हार्मोनच्या आजारानं वजन वाढलंय का हेही बघतात. गरोदर असाल किंवा वर्षभरात बाळाचा विचार असेल तर आत्ता नाही, कारण ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गरोदर राहायचं नसतंय. पीसीओडीवाल्या मुलींनी हे नीट वाचा, वजन उतरायला लागलं की पाळी सुरळीत होते आणि दिवस राहायची शक्यता एकदम वाढते, त्यामुळं गर्भनिरोधकाचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवायचं.

पायरी २ : फाइल

एक चांगली प्लास्टिकची, आत कप्पे असलेली फाइल घ्या. त्यात सगळ्यात वर एक कागद, स्वतःच्या हातानं लिहिलेला. त्यावर लग्नाआधीचं किंवा विशीतलं वजन, मग कुठल्या साली काय केलं, किती उतरलं, किती दिवसांत परत आलं. साल नक्की आठवत नसेल तर "थोरलीच्या बाळंतपणानंतर" असं लिहा, चालतंय. जिमची पावती, आहारतज्ज्ञाचा छापील चार्ट, वजनाच्या गोळ्यांची चिठ्ठी, योगा क्लासचं कार्ड, जे सापडेल ते मागं लावा. डॉक्टरांना बघायचं असतंय की या माणसानं खरंच प्रयत्न केलेत आणि ते पुरे पडले नाहीत, आणि विमा असो, योजना असो, सगळीकडं हाच प्रश्न येतो. माझ्या त्या एका कागदावर रेसिडेंट डॉक्टरनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि केसपेपरवर तसंच्या तसं उतरवून घेतलं, नाहीतर दोन मिनिटांत काय सांगणार आपण.

दुसऱ्या कप्प्यात आजारांचे कागद, शुगर कधीपासून, गोळ्या कुठल्या, इन्सुलिन असेल तर किती युनिट, बीपीची चिठ्ठी, गुडघ्याचे एक्स-रे. घोरण्याचं मात्र लोक सांगतच नाहीत. झोपेत श्वास अडकतो का, दचकून जाग येते का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का हे घरच्यांना विचारा आणि लिहून ठेवा. स्लीप ॲप्निया असेल तर त्यानं केस पुढं सरकतेच, शिवाय भूल देताना ते माहीत नसणं धोक्याचं असतंय.

तिसऱ्या कप्प्यात ओळखीचे कागद : आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर ते, आणि सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. बायकांनी नावं आवर्जून तपासा. आधारवर सासरचं आडनाव, रेशनकार्डात माहेरचं, आणि रिपोर्टवर तिसरंच स्पेलिंग, यातच कामं अडकतात. नाव दुरुस्त करायला जो वेळ जातो तो आत्ता घालवा, ऑपरेशनची तारीख लागल्यावर नको.

पायरी ३ : पहिली ओपीडी

गावाकडं असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी दाखवा आणि चिठ्ठी घ्या, कारण वजन, बीपी, शुगरची नोंद तिथं फुकट होते. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. सीपीआर मात्र राजर्षी शाहू मेडिकल कॉलेजच्या ताब्यात आहे, तिथं केसपेपरला थोडी फी असते, सुट्टे पैसे जवळ ठेवा.

सीपीआर माहीत नसलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, दसरा चौकाजवळ, टाउन हॉलच्या समोर. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा आणि थेट "सर्जरी" न म्हणता आधी मेडिसिनच्या ओपीडीला दाखवायचं असं माझं मत आहे. कारण मेडिसिनवाले शुगर-बीपी-थायरॉइडच्या तपासण्या लिहून देतात, त्यांनी "लठ्ठपणा, सोबत अमुक आजार, सर्जरीचं मत घ्यावं" असं लिहिलं की सर्जरीच्या ओपीडीत तुमचं बोलणं सोपं होतं. सर्जरीत गेल्यावर स्पष्ट विचारा : "सर, माझा बीएमआय इतका आहे, हे आजार आहेत, इतकी वर्षं प्रयत्न केलेत, मला बॅरिएट्रिक ऑपरेशनचा विचार करायचाय, इथं होतंय का, नसेल तर कुठं पाठवता?" हे वाक्य घरी दोनदा बोलून बघा. "वजन कमी करायला आलोय" एवढंच म्हटलं तर आहाराचा कागद हातात देऊन पाठवतात, त्यांचंही चुकत नाही, मागं शंभर माणसं उभी असतात.

वजनकाट्याबद्दल सांगते. ओपीडीतला छोटा काटा जास्त वजनाला नीट दाखवत नसेल तर मोठा काटा कुठल्या वॉर्डात आहे ते सिस्टरना विचारा. सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय दादा, यांना नावानं किंवा नात्यानं हाक मारून नीट बोललं की ते मदत करतात, मला तरी सगळीकडं तसंच अनुभवाला आलं. बाक अरुंद असतात, गुडघे दुखत असतील तर सोबत माणूस न्या म्हणजे रांगेत तो उभा राहील.

पायरी ४ : तपासण्या

यादी लांब आहे पण घाबरू नका, बहुतेक सगळं सरकारीत होतंय, फक्त दोन-चार खेपा जातात. रक्तात हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी, लिव्हर, किडनी, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, बी१२, व्हिटॅमिन डी, लोह. मग ईसीजी, टूडी एको, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी (फॅटी लिव्हर आणि पित्ताशयातले खडे बघायला), फुफ्फुसाची तपासणी, दुर्बिणीनं पोटाची एंडोस्कोपी. स्लीप स्टडी लागली तर वेगळी. बी१२ आणि डी आधीच कमी निघालं तर भरून काढूनच पुढं जातात, आपल्याकडं शाकाहारी माणसांत बी१२ फार कमी असतंय, त्यामुळं हे टाळू नका.

मानसोपचार विभागात पाठवलं तर लोक चिडतात, "मी काय वेडा आहे का" म्हणून. तिथं बघतात की खाण्याचे झटके येतात का, रात्री उठून खायची सवय आहे का, दारू किती, डिप्रेशन आहे का, ऑपरेशन म्हणजे काय हे नीट कळलंय का. खरं बोला. मी बोलले आणि त्याचा नंतर उपयोगच झाला.

तंबाखू आणि मिश्री. आपल्या भागात बायका मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणून सांगतात. मिश्री म्हणजे तंबाखूच आहे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा आणि काही आठवडे आधी बंद करा. निकोटिननं जखम भरत नाही, टाक्यांच्या जागी गळती आणि अल्सर व्हायचा धोका वाढतो. गुटखा, सिगारेटलाही तेच.

पायरी ५ : कुठं जायचं

बॅरिएट्रिकला दुर्बिणीचं थिएटर, अनुभवी सर्जन, जाड माणसाला भूल द्यायची तयारी, आयसीयू आणि स्टेपलर लागतात. पोट कापता-कापता शिवत जाणारं जे यंत्र असतंय त्याची एकदाच वापरायची काडतुसं असतात, एका स्लीव्हला पाच-सहा तरी लागतात आणि खर्चाचा मोठा भाग तोच असतो. त्यामुळंच मोजक्या ठिकाणी हे ऑपरेशन नियमित होतं. राज्यात पुण्याचं ससून आणि मुंबईचं जेजे या मोठ्या सरकारी रुग्णालयांत अशी ऑपरेशनं झालेली आहेत. सीपीआरमधनं पाठवणार असतील तर रेफरची चिठ्ठी नुसती तोंडी नको, शिक्क्यासह, आणि त्यावर बीएमआय, आजार आणि "बॅरिएट्रिक सर्जरीसाठी" हे शब्द आलेच पाहिजेत.

जायच्या आधी तिथल्या सर्जरी विभागात फोन लावून किंवा कुणाला पाठवून विचारा की या ऑपरेशनची ओपीडी कुठल्या वारी असते, कुठलं युनिट करतंय. वार चुकला तर कोल्हापूरची खेप वाया. ससून पुणे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली तर ती पहाटेआधीच पुण्यात सोडते, स्टेशनवर थोडं थांबून सकाळच्या रांगेत लवकर नंबर लागतोय. खालचा बर्थ मागा, वरच्या बर्थवर चढणं आपल्याला जमत नाही.

पहिल्या खेपेला ऑपरेशनची तारीख मिळत नाही, आधीच सांगून ठेवते. परत आहारतज्ज्ञ, परत काही तपासण्या, थोडं वजन उतरवून दाखवा असंही सांगतात. तिथल्या ओपीडीत दर वेळी परत यायची तारीख केसपेपरवर लिहून घ्या आणि त्या तारखेला जाच, गैरहजर राहिलं की नाव मागं पडतंय.

पायरी ६ : पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांना आहे, पांढरं कार्डसुद्धा, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत. पण योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी असते आणि दवाखानाही योजनेत लागतो, तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलवर जाऊन ऑपरेशनचं नाव कागदावर दाखवून विचारा, यादीत कुठल्या नावानं बसतंय. हेल्पलाइन १५५३८८. लक्षात ठेवा, योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी दवाखाना घेतो, आधी खिशातनं भरून मागनं पैसे परत मिळत नाहीत.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी ईएसआय विसरू नका. महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल तर पगारातनं कापून जातंच, मग वापरा. आधी ईएसआयच्या दवाखान्यात दाखवायचं, तिथनं वर रेफर होतंय.

धर्मादाय हॉस्पिटल हा तिसरा रस्ता. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोफत आणि आणखी दहा टक्के ३ लाख ६० हजारांच्या आत असलेल्यांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. तिथं समाजसेवा विभागात बसलेल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, डॉक्टरांना नाही. स्टेपलर आणि औषधांचं काय, तेही त्यांच्याकडनं आधीच लिहून घ्या.

आणि खासगी मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून वाचा. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा डायबेटिस यापैकी काही असेल आणि साध्या उपायांनी वजन उतरलेलं नसेल तर ऑपरेशन चालतं असं दिलंय. तिथं परत तोच पहिल्या कप्प्यातला कागद कामाला येतो.

सगळं मोफत झालं तरी प्रवास, सोबतच्या माणसाचं जेवण-राहणं आणि बुडालेला रोज धरून काही पैसे बाजूला ठेवावेच लागतात. त्याहून मोठा खर्च पुढं आयुष्यभराच्या गोळ्यांचा, तो खाली सांगते.

पायरी ७ : कुठलं ऑपरेशन

हे डॉक्टर ठरवतात, पण समजून घ्या. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण पाऊण भाग कापून काढतात, उरतं ते केळ्यासारखं लांबट. घ्रेलिन जिथं जास्त बनतं तो भागच गेल्यामुळं भूक कमी होते. काढलेलं परत येत नाही. बायपासमध्ये पोटाच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याला जोडतात, जुना डायबेटिस आणि छातीत जळजळ असणाऱ्यांना हे बरं पडतं, पण जीवनसत्त्वं आणि लोह कमी शोषलं जातं. जळजळ खूप असेल तर स्लीव्हनं ती वाढू शकते, त्यामुळं ते लपवू नका. एकूण वजनाच्या साधारण पाव भाग स्लीव्हनं आणि बायपासनं त्याहून थोडं जास्त उतरतं, बहुतेक पहिल्या दीड वर्षात. १२० किलोचा माणूस ६० चा होणार अशी आशा धरून जाऊ नका, ९० च्या आसपास आला, शुगरच्या गोळ्या कमी झाल्या, जिने चढता आले, हे फार मोठं आहे.

धोकाही आहेच. टाक्यांमधनं गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाणं. अनुभवी ठिकाणी जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास सांगतात, पित्ताशयाच्या ऑपरेशनसारखाच, पण शून्य नाही. घरच्यांना हे सांगून संमतीवर सही करा.

वजन उतरवायच्या नव्या इंजेक्शनांबद्दल सगळे विचारतात. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजन उतरतं हे खरं, पण महिन्याचा खर्च मोठा आणि बंद केलं की वजन परत चढतंय, त्यामुळं ज्याला परवडत नाही त्यानं त्याच्यावर विसंबून रांग सोडू नये.

पायरी ८ : ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे दिवस

आधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचं, प्रोटीनचं खाणं देतात. पोटावर फॅटी लिव्हर आडवं येत असतंय, या खाण्यानं ते आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. घरात पुरणपोळी असली तरी हे पाळा, लिव्हर मोठं दिसलं तर ऑपरेशन लांबतं. शुगरच्या गोळ्या-इन्सुलिन या दिवसांत किती घ्यायचं ते विचारूनच, नाहीतर शुगर एकदम खाली जाते.

ऑपरेशन झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. दुखतंय म्हणून पडून राहू नका, रक्ताच्या गाठी टाळायला चालणंच लागतंय. तीन छोट्या चेंडूंचं, श्वास आत ओढायचं यंत्र देतात ते दर तासाला करा. तीन-चार दिवसांत बहुतेक घरी सोडतात.

खाण्याचे टप्पे असे : आधी पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, मग ताक, पातळ वरण, साय काढलेलं दूध, मग मिक्सरमधनं काढलेलं, मग मऊ, आणि महिना-दीड महिन्यानं घरचं जेवण. आपल्या घरातलं अळणी, म्हणजे मांस शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, या काळात फार उपयोगी पडतं, मटणाचं नको, चिकनचं, तेल वरनं काढून टाकून, गाळून. तांबडा-पांढरा रस्सा मात्र बरेच महिने नाही, एकात तिखट-तेल आणि दुसऱ्यात नारळाचं दूध. उसाचा रस, काकवी, चहात गूळ, यांनी बायपासवाल्यांना तर घाम, धडधड, जुलाब होतात. एक घोट घ्यायचा, थांबायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला पाहिजे, अंडं, पनीर, डाळ, मासे, सोयाबीन, आणि ताटात आधी तेच खायचं, भाकरी-भात नंतर. पाहुणे आग्रह करतात, "एवढंच खाल्लंस?" म्हणून, सासूबाईंना, आईला आधीच बसवून सांगा, म्हणजे त्याच पाहुण्यांना आवरतील.

घरी आल्यावर नाडी सतत १२० च्या आसपास, ताप, पोटात वाढत जाणारं दुखणं, खांद्यात कळ, श्वास लागणं, काळी शी, पाणीही न टिकणं, पिंडरी सुजणं, यातलं काही झालं तर उद्याची ओपीडी बघायची नाही. १०८ ला फोन लावा, जवळच्या कॅज्युअल्टीत जा आणि डिस्चार्ज कार्ड पुढं करून "बॅरिएट्रिक ऑपरेशन झालंय" हे पहिलं वाक्य सांगा. उलट्या काही दिवस चालूच राहिल्या तर बी१ कमी होऊन नसांवर परिणाम होतो, तेही घरी सोसू नका.

पायरी ९ : पुढची सगळी वर्षं

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी१२, लोह, या गोळ्या कायमच्या आहेत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा. जनऔषधीच्या दुकानात बरंच स्वस्त मिळतंय, आणि दवाखान्यात उपलब्ध असेल ते तिथनंच घ्या. बायपासवाल्यांनी दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, मेडिकलमधनं परस्पर घ्यायच्या नाहीत, अल्सर होतो. दारू पटकन चढते आणि सवयही पटकन लागते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. मूठभर केस हातात आले की बायका रडतात, मला माहीत आहे. प्रोटीन आणि लोह नीट असेल तर परत येतात, डोक्याला तेलं लावून पैसे घालवू नका. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात, उजव्या कुशीत जेवणानंतर दुखलं तर सोनोग्राफी करून घ्या. कातडी लोंबते, ती बहुतेक तशीच राहते, सुती आतले कपडे आणि घडीत कोरडं ठेवणं एवढं हातात आहे.

तपासण्या तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. दर वेळी पुण्या-मुंबईला जायला जमत नसेल तर सर्जनकडनं तपासण्यांची यादी लिहून घ्या, रक्त सीपीआरला किंवा तालुक्याच्या दवाखान्यात द्या आणि रिपोर्ट ठरल्या तारखेला दाखवा. बीपी-शुगरच्या गोळ्या स्थानिक डॉक्टरांकडनं दर थोड्या दिवसांनी कमी करून घ्याव्या लागतात, जुनाच डोस चालू ठेवला तर चक्कर येऊन पडायला होतंय. फाइलला आता चौथा कप्पा करा, डिस्चार्ज कार्डची लॅमिनेट केलेली एक प्रत त्यात आणि एक पाकिटात, आणि त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, रक्तगट आणि चालू गोळ्या मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडं लिहून ठेवा.